नकली मावशी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याला तिसरी गोष्ट ठाऊक नव्हती. ती म्हणजे इंटिग्रेशन पाहावं लिहून. इंटिग्रेशन म्हणजे काय हे स्विचकाकांनी आजवर ज्यांना ज्यांना समजावून सांगितलं, त्या सगळ्यांनी शेवटी "म्हणजे रिमोटच ना?" असं विचारलं. रिमोट नव्हे. घरातले दिवे, पंखे, पाण्याचा पंप या वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. त्या सगळ्यांना एका छताखाली नांदवणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते फुकट मिळतं, त्याचा कोड कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात भर घालावी असा रिवाज असतो, आणि जगभरातले हजारो लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते लिहीत असतात. प्रत्येक कंपनीच्या वस्तूशी बोलायला त्यात एकेक दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे इंटिग्रेशन. स्विचकाकांनी असा एक दुभाष्या लिहिला होता आणि त्याच्या पहिल्याच फाइलीत 'जबाबदार व्यक्ती' म्हणून त्यांचं नाव होतं. विमा कंपनीच्या दावे विभागात केस पांढरे झाले तरी त्यांच्या नावाची पाटी कुठल्या दारावर लागली नव्हती. तेव्हा या नावाचं त्यांना काय वाटत असेल ते वाचकांनी समजून घ्यावं.

काकूंनी मात्र समजून घेतलं नव्हतं. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणजे हे," एवढंच त्या म्हणत, आणि लष्कर कुठलं हेही त्यांना माहीत नसे.

तो दुभाष्या ज्या वस्तूसाठी होता ती वस्तू म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा एक वायफायवाला प्लग. स्वस्त होता म्हणून काकांनी घेतला, आणि स्वस्त होता म्हणूनच बहुधा त्याची कंपनी बुडाली. कंपनी बुडाली तरी प्लग चालत राहिले. जगात दोनेकशे लोकांच्या घरी ते अजून होते आणि त्या दोनशे लोकांचा पोशिंदा आता एकटे स्विचकाका होते. कुणाच्या माशांच्या टाकीचा दिवा लागेना, की तो काकांना लिही. कुणाच्या कुंड्यांवरची ऊब रात्री बंद पडली, की तो काकांना शिव्या घाली. फुकटच्या मालाला गिऱ्हाईक फार चोखंदळ असतं.

पण खरं सांगायचं तर काकांचा जीव एकाच प्लगमध्ये अडकला होता. तो मावशीच्या घरी होता.

मावशी म्हणजे काकांची सख्खी मावशी. काकांची आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. आता ती बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर दुसऱ्या गावात एकटी राहत होती आणि "माझ्या घरात मला डोळे मिटूनही भांडं सापडतं" या एका मुद्द्यावर कुणाकडे यायला तयार नव्हती. ऐकू येणं जवळजवळ संपलं होतं. तिला फोन केला की काकांचं बोलणं त्यांच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाई, फक्त मावशीला जात नसे. म्हणून काकांनी तिच्या पलंगाशेजारच्या दिव्याला तो प्लग लावला होता. सकाळी उठून तिने प्लगवरचं बटण दाबलं की दिवा लागे आणि इकडे काकांच्या स्वयंपाकघरातल्या पडद्यावर एक राखाडी ठिपका पिवळा होई. मग काका पडद्यावर बोट ठेवत आणि तिकडे दिवा एकदा मिचकावे. उठलीस? उठले. एवढंच. पुढे मावशीने आपल्या मनाने त्यात भर घातली. दोनदा बटण म्हणजे आंघोळ झाली, तीनदा म्हणजे जेवले, आणि रागावली की ती इतक्यांदा बटण दाबी की पडद्यावर पळापळ व्हायची. एकदा ती सबंध सकाळ रागावलेली होती. काका आपलं काय चुकलं ते आठवत बसले. नंतर कळलं की ती प्लग पुसत होती.

तर अशा या सुखाच्या संसारात एक दिवस मुख्य प्रकल्पाची नोटीस आली. यापुढे प्रत्येक इंटिग्रेशनला दर्जा मिळवावा लागेल. त्यासाठी कोड नव्या पद्धतीने लिहावा लागेल आणि त्याच्या चाचण्याही जोडाव्या लागतील. नाहीतर पुढच्या आवृत्तीतून ते इंटिग्रेशन काढून टाकण्यात येईल. खाली सही नव्हती, कारण नोटीस एका यंत्राने पाठवली होती.

"मग आपल्यापुरतं ठेवा की घरी," काकू म्हणाल्या. "मावशींचा दिवा लागला म्हणजे झालं. जगाचं काय पडलंय?"

हा सल्ला बिनतोड होता आणि तो ऐकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काकांना त्या फाइलीतलं आपलं नाव दिसू लागलं. ते पुसलं जाणार, आणि पुसलं गेल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही. "दोनशे लोक आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "त्यांना वाऱ्यावर सोडू?"

काकूंनी त्या दोनशे लोकांना उद्देशून एक शब्द वापरला, तो इथे देत नाही.

काकांनी महिनाभर संध्याकाळी खपून नवा कोड लिहिला आणि तपासणीसाठी पाठवला. तपासणारा गृहस्थ कुठल्या देशातला होता कोण जाणे. त्याच्या नावापुढे घुबडाचं चित्र होतं, त्यामुळे घरात त्याला घुबडच म्हणत. घुबड फार सभ्य होतं. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ते आभार मानी आणि शेवटी काहीतरी बदलायला सांगी. आभारी आहे, पण याचे पाच तुकडे करून एकेक पाठवा. आभारी आहे, पण तिसरा तुकडा आधी यायला हवा. आभारी आहे, पण आपण दोघं बोलत होतो तेवढ्यात नियम बदलले. मध्ये घुबड सुट्टीवर गेलं. त्या काळात जुन्या अर्जांचा कचरा झाडणाऱ्या यंत्राने 'बरेच दिवस हालचाल नाही' म्हणून काकांचा अर्ज निकालात काढला, तो त्यांना नव्याने भरावा लागला. आपल्या कामावर हालचाल नाही हा शेरा दावे विभागातल्या माणसाने वाचावा, हा नियतीचा विनोद झाला. काकांनी हाच शेरा आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर मारला होता.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. त्यांना सल्ला मागावा लागत नसे, जिन्यात भेटलं की झालं. "वरपर्यंत ओळख काढा," ते म्हणाले. "घुबडाच्या वर कोणीतरी असेलच."

"तिथे वर कोणी नसतं हो. सगळे आपखुशीने करतात."

"पगार नाही?"

"नाही."

"मग ते घुबड ऐकणार कोणाचं?" मॅनेजरांनी मान हलवली. "पगार नसलेल्या माणसासारखा अडेलतट्टू माणूस नाही. आमच्या सोसायटीची कमिटी बघा."

यातलं शेवटचं वाक्य काकांना पटलं.

चाचण्यांसाठी प्लग हवा होता आणि तो बाजारात कुठेच मिळेना. घरातला एक काकांनीच पूर्वी उघडून पाहिला होता, तो मिटला नव्हता. उरला मावशीचा. काकांनी एक दिवस रजा टाकली आणि मावशीच्या प्लगवर लांबूनच चाचणी चालवली. चाचणी म्हणजे काय, तर चालू, बंद, चालू, बंद, हळू, जलद, आणि मध्येच सगळं एकदम. तिकडे चाळीत मावशीच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत. खिडकीतून त्यांनी तो दिवा थयथयाट करताना पाहिला आणि वायरमनला बोलावलं. वायरमनने भिंतीला कान लावला, वायरिंग पार कुजलंय असं निदान केलं, मेन स्विच काढला आणि तार आणायला म्हणून गेला तो दुसऱ्या दिवशी उगवला. मावशी तेवढा वेळ अंधारात बसून होती. शिवणवाल्या बाईंनी काकांना फोन लावून दिला तेव्हा मावशी ओरडून म्हणाली, "सोन्या, आज केवढं बोललास रे! मला काही कळलं नाही, पण बरं वाटलं हो."

काकांनी फोन ठेवला. बोलून तरी तिला कुठे ऐकू जाणार होतं. पण त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, की पुन्हा मावशीच्या दिव्याला हात लावायचा नाही. घुबडानेही तेच सांगितलं. आभारी आहे, पण खऱ्या वस्तूवर चाचणी कधीच करू नये. खोटी वस्तू तयार करा, जी अगदी खऱ्यासारखी वागेल.

हे काम काकांनी इतक्या मायेने केलं की ऑफिसात त्यांच्या हातून तसं एकही काम झालं नसेल. घरातल्या डबीएवढ्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक प्रोग्राम लिहिला, जो प्लग असल्याचं सोंग करी. नुसता प्लग असून भागणार नव्हतं, बटण दाबणारं माणूसही हवं होतं. मावशीच्या सवयी त्यांना तोंडपाठ होत्या. ही खोटी मावशीही पहाटे सहाच्या मागेपुढे उठे, थंडीत जरा उशिरा उठे. आंघोळीचं बटण कधीकधी विसरे. जेवण झाल्याचं सांगून पुन्हा अर्ध्या तासाने सांगे. रविवारी दुपारी उगीचच एकदा दिवा लावी, कारण खऱ्या मावशीला रविवारी दुपारी करमत नसे. कोडमध्ये त्यांनी तिचं नावच 'नकली मावशी' ठेवलं. घुबडाने अर्थ विचारला तेव्हा काकांनी 'तांत्रिक संज्ञा आहे' असं कळवलं.

"एवढ्या वेळात दोनदा जाऊन भेटून आला असता," काकू म्हणाल्या.

"हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय ना?" काका म्हणाले, आणि म्हणताना त्यांना ते अगदी खरं वाटत होतं.

नवा कोड नीट चालतो की नाही हे पाहायला काकांनी स्वयंपाकघरातल्या पडद्याला मावशीच्या प्लगचा पत्ता काढून नकली मावशीचा पत्ता दिला. एका ओळीचं काम. दोन दिवस पाहायचं आणि ओळ पूर्ववत करायची, असं ठरवलं. तेवढ्यात चौथ्या तुकड्यावर घुबडाचे अठरापगड आक्षेप आले, एका भल्या माणसाच्या कुंड्या गारठून मेल्या, त्याने काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि ती ओळ राहून गेली.

ठिपका रोज पिवळा होत होता. चहा ठेवता ठेवता काका बोट टेकवत, तिकडून उत्तर येई. आंघोळ झाली. जेवले. "मावशी हल्ली खुशीत दिसते," ते एकदा काकूंना म्हणाले. "पूर्वी कधीमधी खाडा व्हायचा, आता एक दिवस चुकवत नाही." एका रविवारी दुपारी ठिपका उगीचच पिवळा झाला तेव्हा त्यांनी हातातलं काम टाकून दोनदा उत्तर दिलं. म्हातारीला करमत नसेल, म्हणाले.

अखेर एकदाच्या सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या. घुबडाने आभार मानले आणि या खेपेस पुढे 'पण' नव्हता. काकांचं इंटिग्रेशन नुसतं टिकलं नाही, त्याला वरचा दर्जा मिळाला, आणि फाइलीतलं नाव होतं तिथेच राहिलं. जिन्यात मॅनेजरांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. "किती वाढले?" त्यांनी हळूच विचारलं. काही वाढलं नाही म्हटल्यावर त्यांनी हात सोडला आणि धीर धरा म्हणाले.

काम फत्ते झालं, तेव्हा काकांनी पसारा आवरायला घेतला. जुन्या फाइली पुसल्या, नको ते प्रोग्राम बंद केले. नकली मावशीलाही बंद केलं. कामाची होती बिचारी, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका राखाडी राहिला आणि त्याखाली लिहून आलं, 'उपलब्ध नाही'.

काकांच्या मनात पहिला विचार काय आला, तर नव्या आवृत्तीत चूक राहिली. ते त्यांच्या धंद्याचं पाप आहे, माणसाचं नव्हे, असं आपण म्हणू. रविवार होता. त्यांनी कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. घुबडाला लिहिलं. दोनशे जणांना विचारलं, तर जे कधी उत्तर देत नसत त्या सगळ्यांनी ताबडतोब कळवलं की आमच्याकडे उत्तम चाललंय. कुंड्यांवाल्याने तर आभार मानले. काकांनी आंघोळ केली नाही, जेवायला उठले नाहीत. दुपारी काकू ताट झाकून बाहेर आल्या आणि खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"काल काय बदललंत तुम्ही?"

"काही नाही. आवराआवर केली. ती नकली मावशी बंद केली, बस."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. कोड त्यांना कळत नसे, पण घरात एक वस्तू बंद केल्यावर दुसरी बंद पडली तर दोन्ही एकाच तारेवर असतात, इतकं त्यांना कळत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस तुम्ही कोणाशी बोलत होता?"

काकांनी ती ओळ उघडली. पत्ता नकली मावशीचा होता. त्यांनी तो खोडून खऱ्या मावशीचा घातला. ठिपका राखाडीच राहिला. त्यांनी पुन्हा घातला. मग काकूंनीच फोन हातात घेतला आणि शिवणवाल्या बाईंना लावला.

"आहेत हो, बऱ्या आहेत आता," बाई म्हणाल्या. "घरी आणूनही बरेच दिवस झाले. हात मोडला ना त्यांचा. मोरीत पडल्या. तुम्हाला माहीत नाही?" आणि मग जरा थांबून, "त्याच मला म्हणाल्या, कळवू नकोस. दिवा लागला नाही की तो समजतोच, निघतोच तो. दवाखान्यात सारख्या दाराकडे बघायच्या."

संध्याकाळच्या बसने दोघं निघाले. वाटेत काका एकच हिशेब करत होते. मावशी मोरीत पडली त्या सकाळीही ठिपका पिवळा झाला असणार. आंघोळ झाल्याचंही कळलं असणार. आपण चहा पीत बोट टेकवलं असणार, आणि कदाचित हसलोही असू. तसं प्रोग्राममध्ये त्यांनीच लिहिलं होतं, आणि ते कुठेही चुकलं नव्हतं.

मावशी पलंगावर बसली होती. हात गळ्यात बांधलेला, आणि पूर्वीपेक्षा निम्मी दिसत होती. शिवणवाल्या बाई गळ्यातली टेप काढायलाही न थांबता मागोमाग आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. दिवा कोनाड्यात सरकवलेला होता आणि प्लग काढलेला होता.

"घरी आल्यावर त्यांनीच काढायला लावला," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "म्हणाल्या, पडायच्या आधीही चारदोन दिवस त्याचं उत्तर नव्हतं, कामात असेल, साहेब रजा देत नसतील. आता एका हाताने बटण कधी दाबलं जाईल, कधी नाही. उगीच त्याचा जीव खालीवर. पण मी म्हणते, तुम्ही आला का नाहीत?"

"मला कळलंच नाही," काका हळू म्हणाले.

"दिवा लागत नव्हता ना?"

"माझ्याकडे लागत होता."

बाईंनी काकूंकडे पाहिलं. यांना बरं आहे ना, असं ते पाहणं होतं. काकूंनी खाली बघितलं.

मावशीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती काकांचा चेहरा निरखत होती. मग तिने बऱ्या हाताने त्यांना जवळ ओढलं आणि पलंगावर बसवलं.

"वाळलास रे," ती म्हणाली. "माझ्यामुळेच. मला तिथे पडल्यापडल्या हातापेक्षा तुझीच काळजी. म्हटलं, आज दिवा नाही लागला, उद्या नाही लागला, पोराच्या जिवाचं काय होत असेल. अन्न गोड लागत नसेल. रोज सकाळी त्या ठिपक्याकडे बघून घाबरत असशील. आणि यायला रजा नाही. मला इतकं अपराधी वाटायचं, सोन्या." तिने त्यांची हनुवटी धरली, लहानपणी धरायची तशी. "फार घाबरला होतास ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बाईंकडे.

"हो," ते म्हणाले.

"काय?" मावशीने कान पुढे केला.

काकांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "हो मावशी! फार घाबरलो होतो! रोज!"

"वाटलंच मला," मावशी म्हणाली, आणि आता रडू नको, मी आहे ना, असं म्हणत बऱ्या हाताने त्यांची पाठ थोपटत राहिली.